वाग्नरच्या उमेदवारीची दहा वर्षे

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना एक गोष्ट वारंवार आमच्या प्रत्ययास आलेली आहे. त्यांच्या उत्तरायुष्याचा इतिहास इतर लोक लिहितात. पूर्वायुष्याचा मात्र बहुधा त्यांनी स्वतःच, आणि तोही यश पदरी पडल्यानंतर, सांगितलेला असतो. त्यामुळे पूर्वायुष्यातील प्रत्येक अपयश ही पुढील यशाची पूर्वतयारी ठरते आणि वाटेत ज्यांनी हात दिला त्यांची नावे हळूहळू पुसट होत जातात. जर्मन संगीतनाट्याचा, म्हणजे ज्याला युरोपात ऑपेरा म्हणतात त्याचा, महान रचनाकार रिखार्ड वाग्नर याच्या बाबतीत हे फार मोठ्या प्रमाणावर घडले आहे. म्हणून त्याच्या उमेदीच्या काळाकडे एकवार नीट पाहावे असे आम्हांस वाटले.

'उमेदवारी' हा कचेरीतील एक जुना शब्द आहे. पगार नाही, किंवा असलाच तर नावाचा. काम मात्र पूर्ण. आणि कायम होण्याची आशा सदैव पुढच्या महिन्यावर. १८३३ ते १८४३ ही वाग्नरच्या आयुष्यातील दहा वर्षे अशा उमेदवारीची होत. या अवधीत त्याने व्यूर्त्सबुर्ग, माग्डेबुर्ग, क्योनिग्सबेर्ग, रीगा, पॅरिस आणि ड्रेस्डेन अशी बिऱ्हाडे बदलली. बदलीच्या गावी सामान सोडून पुन्हा बांधण्याचा अनुभव ज्यांच्या गाठी आहे त्या आमच्या वाचकांस या यादीमागील शीण निराळा समजावून सांगण्याचे कारण नाही.

या काळाची मुख्य साधने कोणती, ते प्रथम पाहू. १८४३ साली, ड्रेस्डेनमध्ये यश मिळताच, वाग्नरने एका नियतकालिकासाठी आपले संक्षिप्त आत्मवृत्त लिहिले. पुढे १८६५ पासून बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याच्या इच्छेवरून त्याने 'माझे जीवन' हे विस्तृत आत्मचरित्र सांगण्यास आरंभ केला. ते लिहून घेणारी व्यक्ती होती कोझिमा, म्हणजे त्याची भावी दुसरी पत्नी. हा ग्रंथ प्रथम केवळ मित्रांसाठी मोजक्या प्रतींत खाजगी रीतीने छापला गेला; सर्वसामान्य वाचकांच्या हाती तो १९११ साली, म्हणजे ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर २८ वर्षांनी आला. आश्रयदाता राजा श्रोता आणि दुसरी पत्नी लेखनिक असताना पहिल्या पत्नीची व जुन्या उपकारकर्त्यांची हकीगत कितपत सरळ सांगितली जाईल, हा प्रश्न कोणासही पडेल. सुदैवाने पत्रे, रंगभूमीच्या नोंदी आणि इतर कागद यांचा पडताळा आता उपलब्ध आहे.

वाग्नरचा जन्म २२ मे १८१३ रोजी लाइप्झिग येथे झाला. तो नववे अपत्य. वडील कार्ल फ्रीडरिख वाग्नर हे पोलिस खात्यातील कारकून होते. त्यांना नाटकांची हौस होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नेपोलियनविरुद्धची प्रचंड लढाई लाइप्झिगच्या वेशीवर झाली. सुमारे पाच लाख सैनिक तेथे परस्परांस भिडले. लढाईनंतर शहरात साथीचा ज्वर पसरला आणि त्यात नोव्हेंबरमध्ये वडिलांचा अंत झाला. सहा महिन्यांचे मूल पोरके झाले. पुढच्या वर्षी आईने कुटुंबाचे स्नेही लुडविग गायर यांच्याशी विवाह केला आणि बिऱ्हाड ड्रेस्डेनला गेले. गायर हे नट, चित्रकार आणि नाटककार होते. चौदाव्या वर्षापर्यंत मुलाचे नाव रिखार्ड गायर असेच लावले जात असे. आपला खरा पिता गायरच असावा अशी शंका पुढे खुद्द वाग्नरच्या मनात डोकावत असे. परंतु तिला निर्णायक पुरावा नाही. निश्चित आहे ते एवढेच की हे घर रंगभूमीचे होते. थोरला भाऊ आल्बेर्ट गायक झाला, बहिणी रोझाली आणि क्लारा रंगभूमीवर गेल्या. १८२१ साली गायरही निवर्तले.

त्या काळी ड्रेस्डेनच्या राजनाट्यगृहात कार्ल मारिया फॉन वेबर हा जर्मन ऑपेराचा प्रमुख होता. त्याच्या 'फ्रायशुट्स' या नाटकाने १८२१ मध्ये बर्लिन जिंकले होते आणि नंतर ते ड्रेस्डेनलाही आले. वेबरला वाद्यवृंदापुढे उभा राहिलेला पाहून लहानग्या रिखार्डला राजा होण्यापेक्षा तसे उभे राहावे असे वाटे. ही त्याचीच आठवण आहे आणि ती खरी मानण्यास आमची हरकत नाही.

तथापि वाग्नर हा बालपणीच तयार झालेला संगीतकार नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. मोत्सार्टप्रमाणे पाचव्या-सहाव्या वर्षी रचना करणे तर दूरच, पियानोही तो धड शिकला नाही. त्याचा पहिला ओढा नाटक लिहिण्याकडे होता. शाळकरी वयात त्याने 'लॉयबाल्ड' नावाची एक भीषण शोकांतिका रचली. तिच्यात इतकी पात्रे मरत की शेवटचे अंक चालविण्यासाठी त्यांतील बहुतेकांना भुतांच्या रूपाने परत आणावे लागले, असे तो पुढे गमतीने सांगत असे. या नाटकाला बेथोवेनच्या धर्तीचे संगीत हवे असे त्याला वाटले, म्हणून तो संगीताकडे वळला. नाटकासाठी संगीत, संगीतासाठी नाटक नव्हे, हे त्याच्या पुढील सर्व कर्तृत्वाचे सूत्र येथेच दिसते.

लाइप्झिगला परतल्यावर त्याने बेथोवेनची नववी सिंफनी स्वतःच्या हाताने उतरून घेतली आणि तिची पियानोसाठी मांडणी केली. १८३० च्या नाताळात त्याची एक प्रस्तावना-रचना लाइप्झिगच्या नाट्यगृहात वाजविली गेली. वाद्यवृंदाचा संचालक होता हाइनरिख डोर्न. रचनेत ठराविक अंतराने नगाऱ्याचा एक दणका पुन्हा पुन्हा येई. प्रेक्षक आरंभी चकित झाले, मग वाट पाहू लागले, आणि अखेर प्रत्येक दणक्याला हसू लागले. सतरा वर्षांच्या रचनाकाराची ही पहिली सार्वजनिक परीक्षा होती. डोर्न हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याची पुन्हा एकदा गाठ पडणार आहे.

१८३१ मध्ये विद्यापीठात नाव घातले, परंतु अभ्यासापेक्षा जुगारात अधिक वेळ गेला. याच वेळी त्याला खरा गुरू भेटला. सेंट थॉमस शाळेचे संगीतप्रमुख टेओडोर वाइनलिग हे शंभर वर्षांपूर्वी ज्या जागेवर बाख होता त्याच जागेवर काम करीत होते. त्यांनी सुमारे सहा महिने त्याच्याकडून शास्त्रशुद्ध रचनेचा कसून अभ्यास करून घेतला, 'आता तू आपल्या पायावर उभा आहेस' अशा अर्थाचा निरोप देऊन मोकळे केले आणि एक पैही घेतली नाही. इतकेच नव्हे, तर शिष्याची एक पियानो-रचना छापली जावी यासाठी खटपटही केली. वाग्नरचे नियमित संगीतशिक्षण जे काय झाले ते बहुतांशी एवढेच. त्यानंतर त्याची एक सिंफनी १८३२ साली प्राग येथे आणि १८३३ च्या जानेवारीत लाइप्झिगच्या प्रसिद्ध गेवांडहाउस सभागृहात वाजविली गेली.

त्याच महिन्यात भाऊ आल्बेर्टच्या वशिल्याने व्यूर्त्सबुर्गच्या नाट्यगृहात त्याला समूहगायकांचा शिक्षक म्हणून जागा मिळाली. वय १९. जागा लहान, पगार त्याहून लहान. परंतु दररोज नवा ऑपेरा बसविताना इतरांची कारागिरी आतून पाहावयास मिळाली. येथेच त्याने 'परी' हा आपला पहिला पूर्ण ऑपेरा लिहून १८३४ च्या जानेवारीत संपविला. इटालियन नाटककार गोत्सी याच्या एका परीकथेवर तो आधारलेला होता. शब्द आणि संगीत दोन्ही स्वतःची. त्यापूर्वी आरंभिलेले 'विवाह' हे नाटक बहीण रोझालीला रुचले नाही म्हणून त्याने टाकून दिले होते. 'परी' मात्र तिला आवडली. तिने लाइप्झिगमध्ये आपले वजन खर्चिले, परंतु प्रयोग झाला नाही. तो १८८८ मध्ये म्यूनिक येथे झाला. तोवर वाग्नरला जाऊन पाच वर्षे लोटली होती.

पहिला ऑपेरा परत येताच तरुण वाग्नरने आपले मतच पालटले. १८३४ च्या मार्चमध्ये विल्हेल्मिने श्र्योडर-डेव्हरियेंट या श्रेष्ठ गायिकेला त्याने बेल्लिनीच्या ऑपेरात रोमिओच्या भूमिकेत पाहिले आणि तो भारावून गेला. जर्मन रचनाकार पंडिती करतात, त्यांना माणसाच्या गळ्यातून गाणे काढता येत नाही, असा लेख त्याने त्याच वर्षी लिहिला. जो मनुष्य पुढे जर्मन कलेचा ध्वज खांद्यावर घेऊन उभा राहिला, त्याने एकविसाव्या वर्षी इटालियन गाण्याची वकिली केली, ही गोष्ट त्याच्या भक्तांना अडचणीची वाटते. आम्हांस ती उमेदवारीतील स्वाभाविक चाचपणी वाटते.

त्या उन्हाळ्यात हाइनरिख बेथमान याच्या नाटकमंडळीत त्याला वाद्यवृंदाच्या संचालकाची जागा मिळाली. मंडळीचे ठाणे माग्डेबुर्गला. उन्हाळ्यात मात्र मुक्काम लाउखश्टेट या स्नानतीर्थाच्या लहानशा गावी. मालक कर्जबाजारी, नटांचे पगार थकलेले, नाट्यगृह चालू राहील की नाही हे दर आठवड्याला नवे कोडे. तेथील अवस्था पाहून नकार देऊन परतावे असा त्याचा बेत होता. तेवढ्यात राहण्याची जागा शोधताना मंडळीतील नटी मिना प्लानर हिची भेट झाली आणि नकार तसाच राहिला. २ ऑगस्ट १८३४ रोजी मोत्सार्टच्या 'डॉन जोव्हान्नी'च्या वेळी तो पहिल्यांदा ऑपेराच्या वाद्यवृंदापुढे उभा राहिला.

माग्डेबुर्गला त्याने दुसरा ऑपेरा लिहिला. शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर' या नाटकावरून घेतलेला हा 'प्रेमबंदी' सर्वस्वी इटालियन वळणाचा होता. मंडळी मोडकळीस आली असताना, नट पांगण्यापूर्वी, अवघ्या दहा दिवसांच्या तालमीवर २९ मार्च १८३६ रोजी त्याचा प्रयोग झाला. ईस्टरपूर्वीचा पवित्र सप्ताह असल्याने पोलिसांनी शीर्षकावर हरकत घेतली, म्हणून जाहिरातीत 'पालेर्मोची जोगीण' अशा अर्थाचे सात्त्विक नाव घालावे लागले. गायकांना चाली पाठ नव्हत्या. प्रमुख गायक इतर ऑपेरांतील तुकडे घालून वेळ मारून नेत होता. कथानक काय आहे हे प्रेक्षकांना अखेरपर्यंत समजले नाही. दुसऱ्या प्रयोगाचे उत्पन्न वाग्नरला मिळावयाचे होते. त्या दिवशी प्रेक्षागृहात दोनचारच माणसे बसलेली होती. पडदा वर जाण्यापूर्वी नायिकेच्या पतीने मत्सराच्या भरात दुसऱ्या गायकावर पडद्यामागे हल्ला चढविला, रक्त वाहिले, नायिकेला भोवळ आली, आणि व्यवस्थापकाने पुढे येऊन काही अपरिहार्य अडचणींमुळे प्रयोग होणार नाही असे जाहीर केले. वाग्नरच्या हयातीत 'प्रेमबंदी' पुन्हा रंगभूमीवर आली नाही. मंडळीचे दिवाळे निघाले आणि ज्या उत्पन्नावर देणी भागवावयाची ते उत्पन्नच न झाल्याने सावकार दाराशी उभे राहिले.

मिनाला क्योनिग्सबेर्गच्या, म्हणजे हल्लीच्या कालिनिनग्राडच्या, नाट्यगृहात काम मिळाले. तिच्यामागोमाग तोही गेला आणि २४ नोव्हेंबर १८३६ रोजी त्यांचा विवाह झाला. दुसऱ्याच दिवशी सकाळी नवरदेवाला माग्डेबुर्गच्या धनकोंनी लावलेल्या दाव्यांसाठी न्यायालयात जावे लागले. मिना त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, रूपवती आणि व्यवहारी होती. कोवळ्या वयात फसवणूक होऊन तिला नाटाली नावाची मुलगी झाली होती. लोकलज्जेस्तव तिला जन्मभर धाकटी बहीण म्हणून वागविण्यात आले. अशा स्त्रीला सर्वांत मोठे आकर्षण असते ते स्थिर घराचे. तिच्या नशिबी पती आला तो असा. १८३७ च्या एप्रिलमध्ये वाग्नर तेथे संगीतप्रमुख झाला आणि लवकरच त्याही नाट्यगृहाचे दिवाळे वाजले. मे महिन्याच्या अखेरीस मिना घर सोडून गेली. वाटेत एका व्यापाऱ्याची सोबत होती. पुढे समेट झाला. परंतु या प्रसंगाचा दोष 'माझे जीवन' तिच्या पदरात जितका घालते तितका त्या घरातील तगादेदारांच्या पदरात घालीत नाही.

त्या शरद ऋतूत वाग्नर रीगाला रुजू झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते लॅटव्हियाची राजधानी आहे. रीगाचे नाट्यगृह एखाद्या कोठारासारखे साधे होते. प्रेक्षकांच्या रांगा उतरत्या, प्रेक्षागृहात अंधुक उजेड, आणि वाद्यवृंदाची जागा खोल. पुढे १८७६ साली बायरॉइट येथे आपले स्वतःचे नाट्यगृह उघडताना वाग्नरला या तीन गोष्टींची आठवण होती, असे सांगतात.

रीगातच त्याने एक धाडसी निश्चय केला. लहान गावच्या मंडळींसाठी लिहिले तर लहान गावचे प्रयोग पदरात पडतात, हे त्याला कळून चुकले होते. म्हणून इंग्रज कादंबरीकार बुल्वर-लिटन याच्या 'रिएन्झी' या कादंबरीवर त्याने पाच अंकी अवाढव्य ऑपेरा लिहावयास घेतला. चौदाव्या शतकातील रोममध्ये लोकांचा नेता म्हणून उदयास आलेला आणि शेवटी लोकांच्याच हातून मारला गेलेला कोला दि रिएन्झी हा त्याचा नायक. एवढे पात्रबळ, एवढी दृश्ये, एवढा वाद्यवृंद कोणत्याही फिरत्या मंडळीला पेलू नये, हाच त्यामागील हेतू. निवडलेले स्थान होते पॅरिसचे राजकीय ऑपेरागृह.

१८३९ मध्ये रीगाची जागाही गेली. त्या जागेवर आला हाइनरिख डोर्न, नगाऱ्याच्या दणक्यांची रचना वाजविणारा तोच. वाग्नरने याला विश्वासघात मानले. डोर्न तेथे त्याच्याआधीपासून राहत होता आणि शहराला कर्जात न बुडणारा संगीतप्रमुख हवा असल्यास नवल नव्हते, हीही बाजू नोंदविली पाहिजे.

आता सुटका कशी व्हावी? धनकोंची देणी दिल्यावाचून पासपोर्ट मिळणे शक्य नव्हते. तेव्हा १८३९ च्या जुलैत वाग्नर, मिना आणि त्यांचा 'रॉबर' नावाचा अवाढव्य न्यूफाउंडलंड कुत्रा यांनी रशियाची सरहद्द चोरून ओलांडली. पहारा बदलण्याच्या वेळात खंदक पार केला. दिसल्यास गोळी घालण्याचा हुकूम होता. पुढे प्रशियात गाडी उलटली आणि मिनाला जबर दुखापत झाली. त्या अपघाताने तिचा गर्भपात झाला असावा, असे काही चरित्रकार मानतात. पिलाउ बंदरात 'थेटिस' या लहानशा व्यापारी गलबतात त्यांना लपवून चढविण्यात आले. लंडनचा आठवड्याभराचा प्रवास. वादळांमुळे त्याला तीन आठवड्यांहून अधिक लागले. एकदा तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर एका खाडीत आसरा घ्यावा लागला. १२ ऑगस्टला ते लंडनला पोचले, आठवडाभर राहून फ्रान्समध्ये बूलोन्य येथे उतरले.

तेथे योगायोगाने जाकोमो मायरबेअर उतरला होता. बर्लिनच्या एका श्रीमंत ज्यू घराण्यात जन्मलेला हा रचनाकार 'रोबेर' आणि 'ह्यूगनॉट्स' या ऑपेरांच्या जोरावर पॅरिसच्या रंगभूमीचा अनभिषिक्त राजा होता. अनोळखी, कफल्लक देशबांधवाला त्याने घरी बोलावले, 'रिएन्झी'चे तयार अंक ऐकून घेतले, आणि पॅरिसमधील मोठ्या अधिकाऱ्यांच्या नावे शिफारसपत्रे दिली. १७ सप्टेंबर १८३९ रोजी वाग्नर पॅरिसला पोचला.

शिफारसपत्र घेऊन राजधानीत आलेल्या परगावच्या माणसाचे जे होते तेच त्याचे झाले. सर्वांनी पत्र वाचले, हस्तांदोलन केले आणि पुढे बोलावतो म्हणून सांगितले. एका नाट्यगृहाने 'प्रेमबंदी' स्वीकारली, तर त्याचेही दिवाळे निघाले. अडीच वर्षांत एकही ऑपेरा रंगभूमीवर आला नाही. पोटासाठी त्याने संगीतप्रकाशक मॉरिस श्लेझिंगर याच्याकडे हलक्या दराचे काम पत्करले. दोनिझेत्ती आणि आलेव्ही यांच्या गाजलेल्या ऑपेरांची पियानोसाठी रूपांतरे, कॉर्नेटसाठी लोकप्रिय चाली, मुद्रितांची तपासणी असे ते काम होते. श्लेझिंगरच्याच नियतकालिकात त्याने लेखही लिहिले. त्यांतील 'बेथोवेनची यात्रा' आणि 'पॅरिसमधील एक मरण' या कथा आजही वाचनीय आहेत. दुसऱ्या कथेत एक गुणी जर्मन संगीतकार पॅरिसमध्ये उपासमारीने मरतो. लेखकाला विषय शोधण्यास फार दूर जावे लागले नसावे. घरातील मौल्यवान वस्तू गहाण पडल्या. मिनाने घरात भाडेकरू ठेवले, त्यांचे बूट पुसले. १८४० च्या शरदात पतीला कर्जापायी कैदेत टाकल्याचे तिने एका मित्राला लिहिले. हे खरे होते की मदत मिळविण्यासाठी केलेली अतिशयोक्ती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. या दिवसांत त्याला आधार होता तो तीन गरीब जर्मन मित्रांचा: ग्रंथपाल आंडर्स, चित्रकार कीट्स आणि भाषापंडित लेर्स.

या हलाखीतच १९ नोव्हेंबर १८४० रोजी 'रिएन्झी' पुरा झाला. पॅरिसची दारे बंद आहेत हे ओळखून वाग्नरने त्याचे हस्तलिखित ड्रेस्डेनला पाठविले. १८४१ च्या मार्चमध्ये मायरबेअरने तेथील राजनाट्यगृहाच्या प्रमुखास पत्र लिहून त्याची भलावण केली, आणि जूनमध्ये ऑपेरा स्वीकारल्याचे कळले. त्याच उन्हाळ्यात 'उडता डच खलाशी' या नव्या ऑपेराचा आराखडा त्याने पॅरिसच्या ऑपेरागृहाला ५०० फ्रँकना विकला. संगीत दुसऱ्याकडून करून घेण्याचा त्यांचा विचार होता. मिळालेल्या पैशातून त्याने शहराबाहेर मदों येथे पियानो भाड्याने आणला. कित्येक महिने वाद्याला स्पर्श नव्हता. आपण अजून संगीतकार उरलो आहोत की नाही याचीच त्याला धास्ती होती. परंतु सात आठवड्यांत जवळजवळ सर्व ऑपेरा कागदावर उतरला. 'रिएन्झी'त तो इतरांसारखे लिहीत होता. 'डच खलाशी'त वाग्नर प्रथमच वाग्नरसारखा लिहू लागला. ज्या नाट्यगृहाला खूष करावयाचे तेच हातचे गेल्यावर कोणासारखे लिहिण्याचे कारणही उरले नव्हते.

१८४२ च्या एप्रिलमध्ये त्याने पॅरिस सोडले. २० ऑक्टोबर १८४२ रोजी ड्रेस्डेनला 'रिएन्झी'चा पहिला प्रयोग झाला. नायक टिखाट्शेक, आणि पुरुषवेषात श्र्योडर-डेव्हरियेंट. प्रयोग मध्यंतरे धरून सहा तासांहून अधिक चालला. धास्तावलेल्या रचनाकाराने दुसऱ्या दिवशी काटछाट करावयास घेतली, तर टिखाट्शेक एक ओळही सोडावयास तयार होईना. २ जानेवारी १८४३ रोजी 'डच खलाशी' रंगभूमीवर आला. त्याचे स्वागत थंडे झाले आणि चारच प्रयोगांनंतर तो थांबला. परंतु 'रिएन्झी'ने काम केले होते. २ फेब्रुवारी १८४३ रोजी सॅक्सनीच्या राजदरबाराचा संगीतप्रमुख म्हणून वार्षिक १,५०० टालरवर वाग्नरची कायम नेमणूक झाली. उमेदवारी संपली. बातमी पसरताच माग्डेबुर्ग, क्योनिग्सबेर्ग, रीगा सर्व ठिकाणचे जुने धनको जागे झाले; त्यांची तोंडे मिटविण्यासाठी श्र्योडर-डेव्हरियेंटनेच त्याला नवे कर्ज दिले.

आता हिशेब. आत्मवृत्तात वाग्नर सांगतो की नॉर्वेच्या खाडीत खडकांवरून परतणाऱ्या खलाशांच्या आरोळ्यांतून 'डच खलाशी'चे संगीत जन्मले. यात सत्याचा अंश असेलही. परंतु कथेचा मुख्य धागा, खलाशाच्या मुक्तीचा मार्ग एका निष्ठावान स्त्रीत असण्याचा, त्याने हाइनरिख हाइने या ज्यू कवीच्या १८३४ मधील लेखनातून घेतला होता. इतकेच नव्हे, तर ऑपेराचे स्थळ आरंभी स्कॉटलंड होते. ते नॉर्वे केले गेले ते पहिल्या प्रयोगाच्या थोडे आधी. १८४३ च्या वृत्तात हाइनेचे ऋण मान्य आहे. पुढे पुढे ते आटत गेले आणि समुद्र मात्र वाढत गेला. १८२९ मध्ये श्र्योडर-डेव्हरियेंटला बेथोवेनच्या 'फिडेलिओ'त पाहून आपण जीवितकार्य ठरविले, या प्रसिद्ध आठवणीलाही नाट्यगृहाच्या नोंदींचा आधार सापडत नाही. बेल्लिनीच्या इटालियन ऑपेरातील दर्शनाला मात्र आहे. मनाने एका जर्मन ऋणाची जागा इटालियन ऋणापुढे लावली असावी.

हे सर्व क्षम्य आहे. क्षम्य नाही ते मायरबेअरचे प्रकरण. १८४० मध्ये त्याला लिहिलेल्या पत्रात वाग्नरने स्वतःला त्याचा गुलाम म्हणवून घेण्यापर्यंत मजल नेली होती. १८५० मध्ये, राज्यक्रांतीत भाग घेतल्यामुळे परागंदा झालेला असताना, त्याने टोपणनावाने 'संगीतातील ज्यूपण' हा लेख प्रसिद्ध केला. ज्यू मनुष्य अस्सल कला निर्मू शकत नाही, असे त्यात प्रतिपादन होते, आणि नाव न घेता मायरबेअरवर सर्वांत जहरी वार होते. मायरबेअर १८६४ साली वारला. १८६९ मध्ये तोच लेख वाग्नरने स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. पॅरिसच्या दिवसांत त्याला शिफारस देणारा मायरबेअर, काम देणारा श्लेझिंगर, कथा पुरविणारा हाइने आणि जिवलग मित्र लेर्स हे सर्व ज्यू होते. अपमानाच्या दिवसांत ज्याच्यापुढे हात पसरावा लागला त्याला सुखाच्या दिवसांत क्षमा न करणे, हा मनुष्यस्वभावातील एक अधम विकार आहे. वाग्नरने त्याला तत्त्वज्ञानाचे रूप दिले आणि ते तत्त्वज्ञान पुढच्या शतकात ज्यांच्या हाती पडले त्यांनी त्याचे काय केले, हे जगाने पाहिले. त्याच्या संगीताची थोरवी आम्ही मानतो. म्हणूनच हे ऋण त्याच्या खात्यातून वगळावयास आमचे मन धजत नाही.

मिनाची गोष्ट याहून शांत आहे. पुढे दोघे विभक्त झाले. १८६६ च्या जानेवारीत, पती राजाश्रयात असताना पत्नीला उपाशी ठेवतो, अशी टीका वृत्तपत्रांत होऊ लागली. तेव्हा ड्रेस्डेनला आजारी असलेल्या मिनाने जाहीर निवेदन देऊन, पती आपला निर्वाह व्यवस्थित चालवीत असल्याचे सांगितले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

तिच्याजवळची जुनी पत्रे आणि कागद नाटालीने सांभाळून ठेवले. नाटालीच्या वृद्धपणी, १८९० नंतर, मिसेस बरेल नावाच्या एका इंग्रज बाईंनी तिला हुडकून काढले आणि ते दप्तर मिळविले. ते १९५० साली छापले गेल्यावर 'माझे जीवन' पडताळून पाहणे अभ्यासकांना पुष्कळ सोपे झाले. उलट 'परी', 'प्रेमबंदी' आणि 'रिएन्झी' या उमेदवारीतील तिन्ही ऑपेरांची वाग्नरच्या हातची मूळ हस्तलिखिते त्याने राजा लुडविगला अर्पण केली होती. १९३९ साली जर्मन उद्योगपतींनी ती हिटलरला पन्नासाव्या वाढदिवसाची भेट म्हणून दिली. १९४५ मध्ये बर्लिन पडल्यापासून त्यांचा ठावठिकाणा लागलेला नाही. राजांच्या व सत्ताधीशांच्या तिजोरीत ठेवलेले गेले. जिला 'आई' म्हणण्याची सोय नव्हती त्या मिनाच्या मुलीने जपलेले राहिले, आणि आज या दहा वर्षांविषयी जे खात्रीने सांगता येते त्यातील पुष्कळसे त्या दप्तरामुळेच सांगता येते.